अर्ध्यावरचा झेंडा

सकाळी दूध आणायला निघाले
तर शाळेवरचा झेंडा अर्ध्यावर.
दुकानात विचारलं, कोण गेलं?
आस्लाउगनं हातातलं तपकिरी चीज
हळूच खाली ठेवलं, काचेचं असल्यासारखं,
आणि वर्तमानपत्र पुढे सरकवलं.
पान नऊ.
माझा फोटो.

फोटो बरा आला होता, हे आधी सांगते.

चौतीस वर्षं झाली मला या बेटावर.
आले ती समोरच्या बेटावरून,
मधे सात किलोमीटर पाणी.
हवा स्वच्छ असली की ओट्याशी उभं राहून
आईच्या घराचं छप्पर दिसायचं.
तरी मी तिकडची.
तिकडे कॉडची जीभ नुसती लोण्यात तळतात,
इकडे आधी पिठात घोळवतात.
एवढ्यावरून पूर्वी होड्यांचे दोर कापले गेलेत.
विणकाम मंडळात माझी खुर्ची दारापाशी.
वारा सुटला की आधी मला लागतो,
मग मी सांगते, वारा सुटलाय.
हेच माझं मंडळातलं काम.

"संध्याकाळी सभागृहात कॉफी आहे," आस्लाउग म्हणाली,
"चाळीस जणांची मोजून झालीय."
मी येऊ का?
ती विचारात पडली.
"ये की. केक आणशील?"

तर मी माझ्याच दुखवट्याला गेले,
बदामाचा केक घेऊन.
फोटोपुढे मेणबत्ती, इस्त्री केलेला टेबलक्लॉथ.
मी दारापाशी बसले, सवयीनं.

रांडी उठली. मंडळाची अध्यक्ष.
चष्मा पुसला, म्हणाली, "सोलफ्रिड आपली होती."
आपली.
चौतीस वर्षांत कुणी मला हा शब्द
उसनासुद्धा दिला नव्हता.
मेल्या माशाला मणभर तेल,
कळत होतं सगळं,
तरी रडू फुटलं.
शेजारच्या म्हातारीनं रुमाल दिला.
"जवळची होतीस का गं तिच्या?"
तशी होते, म्हटलं. येऊन जाऊन.

मग टोरलेइफ बोलायला उभा राहिला.
शहात्तरच्या वादळात म्हणे सोलफ्रिड
एकटी होडी वल्हवत गेली
आणि डॉक्टरला घेऊन आली.

मला बांधलेल्या होडीतही उलटी होते.
आणि शहात्तरात मी तिकडे, सात किलोमीटरवर,
पाढे पाठ करत होते.

तेव्हा कुठे उजेड पडला.
आर्नफिनची पहिली बायको. तीही सोलफ्रिड.
पियानो दुरुस्त करायला आलेल्या माणसाबरोबर
दक्षिणेला निघून गेली, ती पुन्हा फिरकली नाही.
नाव एकच, त्यामुळे आर्नफिनला सोपं गेलं,
टॉवेलांवरची अक्षरंसुद्धा उसवावी लागली नाहीत.
चाळीस वर्षं परगावी राहून
ती आपली.

"फोटो चुकलाय," मी मोठ्यानं म्हटलं.
कपबश्यांचा आवाज थांबला.
"हो, लक्षात आलं होतं," रांडी म्हणाली,
"पण तोवर फ्रेम करून झाला होता."
आणि माझ्या केकचा दुसरा तुकडा घेतला.

मी आत मोरीपाशी गेले.
तिथे मारिव्हिक कप धूत होती,
फिलिपिन्सची, मासळीच्या कारखान्यातली,
कोपरापर्यंत फेस.
मला पाहून किंचाळली,
मग ओल्या हातांनी माझे गाल चाचपले.
"तू मेली नाहीस?"
नाही.
"मी दुपारभर रडले, सोलफ्रिड.
कारखान्यात. मासे खारट झाले असतील."

अख्ख्या बेटावर एकटी ही रडली होती,
आणि तीही माझ्यासाठी.
माझा गळा दाटून आला.
किती वर्षं झाली गं तुला इथे?
"अकरा."
मी तिच्या खांद्यावर हात ठेवला,
मायेनं, अगदी मनापासून.
नवीच आहेस अजून, म्हटलं.
आणि कप असे नाही धुवत,
आमच्याकडे.